मोहरबंद घोंगडं

एक

साताऱ्याच्या कचेरीतल्या लांब टेबलावर दोन घोंगडी शेजारी शेजारी पसरली होती. खरेदी अधिकारी इनामदार साहेब मला विचारत होते, "हवालदार, तुम्हीच हात लावून सांगा. ही दोन्ही एका सोसायटीची आहेत का?"

कसली असतात! डावीकडचं आमचं होतं. जाड, खरबरीत, मानेला टोचणारं, पण पंधरा वर्षं वापरलं तरी न विरणारं. उजवीकडचं काळंभोर, हात फिरवला तर हाताला कळूही नये इतकं मऊ. आणि गंमत अशी की हे उजवीकडचंच आमचा नमुना म्हणून कपाटातून निघालं होतं.

"पिशवीच्या लाखेच्या मोहरा मी स्वतः फोडल्या, सगळ्यांदेखत," साहेब म्हणाले. "एक कचेरीची, एक तुमच्या सोसायटीची. दोन्ही शाबूत. नमुना दाखवलात हा आणि माल आणलात तो. बाराशे नग! ही फसवणूक आहे, हवालदार."

माझं डोकंच फिरलं. मी मानसिंग. वीस वर्षं फौजेत काढली, त्यातली चौदा कपड्यांच्या डेपोत. माल नमुन्याशी ताडून बघायचा, जुळला तर आत, नाही तर परत, हे मीच पोरांना शिकवत होतो. एकाहत्तर साली पेन्शन घेऊन गावी आलो. आमचं गाव वडूजपासून सात मैल. पुढच्याच साली दुष्काळात मेंढरं गेली, छत्तीस माग बंद पडले आणि विणकर खडी फोडायला गेले. मग सरकारनं ठरवलं, की वसतिगृहांतल्या पोरांची घोंगडी गिरणीकडून न घेता आधी गावच्या विणकरांकडून घ्यायची. मी त्या कागदाच्या मागं लागून सोसायटी काढली, घरोघर फिरून सांगितलं, सरकार घेणार, माझा शब्द. माणसं कागदावर नाही, माझ्या शब्दावर परत मागावर बसली.

"सोमवारी अकरापर्यंत वेळ देतो," साहेब म्हणाले. "खुलासा पटला नाही तर माल परत, सोसायटीचं नाव सरकारी यादीतून कायमचं बाद, आणि खरेदी पुढच्या नंबरच्या गिरणीकडून."

त्या दिवशी बुधवार होता, चौऱ्याहत्तरचा मे महिना.

माझ्याबरोबर नाथाजी तात्या आले होते, आमच्यातले सगळ्यात जुने विणकर. त्यांनी त्या मऊ घोंगड्यावर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला. परतीच्या एस.टी.त माझ्या शेजारची जागा रिकामी असताना म्हातारा पार मागं जाऊन बसला.

दोन

घरी पोचलो तर धाकटा भाऊ लालासाहेब ओट्यावर वाट बघत होता. सोसायटीचा सेक्रेटरी तोच. माझ्या पगारावर कराडला कॉलेज शिकला, गावात पहिला. जानेवारीत माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं, तेव्हा मी पुण्याच्या मिलिटरी हॉस्पिटलात पडलो होतो, आणि नमुना द्यायचं सगळं काम त्यानंच केलं होतं.

"काय झालं, दादा?"

"नमुना बदललाय कुणीतरी. माल नापास."

तो कपाळावर हात मारून खाली बसला. "तरी मला वाटलंच! आवं, एवढं मऊ घोंगडं आपल्यात विणतंय कोण? कचेरीतनंच खेळ झालाय. किल्ली त्या दादासोकडं असती. तुमी त्याला धरा, दादा. गिरणीवाल्यांनी त्याचा हात ओला केला असणार."

"मला बी तसंच वाटतंय," मी म्हणालो.

आईनं पिठलं-भाकरी वाढली. लालानं त्याच्या ताटातली मिरची माझ्या ताटात टाकली, लहानपणापासून टाकतो तशी. मला तेवढ्यानंही बरं वाटलं. सारा गाव उलटला तरी घरचं माणूस बरोबर आहे, असं मनात आलं.

दादासो म्हणजे कचेरीच्या कोठीचा कारकून. गुरुवारी सकाळी मी त्याच्यासमोर उभा राहिलो. बरोबर राहीबाईंना नेलं होतं. राहीबाई सोसायटीत खळीचं काम बघतात. चिंचोके उकडून, कुटून त्यांची खळ करायची आणि ती सुताला चोळायची, म्हणजे सूत ताठ होतं. नमुन्याच्या पिशवीचं तोंड त्यांनीच शिवलं होतं.

"हवालदार, आईची शपथ," दादासो रडकुंडीला आला होता. "जानेवारीत मी जीपनं तुमच्या गावी आलो. तुमच्या घरी, तुमच्या भावासमोर घोंगडं तोललं, मोजलं, वहीत लिहिलं. मग तुमच्या शेडात पिशवी शिवली, मोहरा मारल्या. वहीतलं वजन बघा आणि हे घोंगडं आता तोला. तेच भरतंय!"

"वहीत लिहिणारा तूच की रं!" मी ओरडलो. "लिहिलेलं खोडायला कितीसा वेळ लागतो?"

"खोडलेलं दाखवा! आणि लोकरीतलं मला काय कळतंय? मी रत्नागिरीचा. आमच्याकडं मेंढरू बघायला मिळत नाही."

इतका वेळ राहीबाई खिडकीशी उभ्या राहून रिकामी पिशवी उलटीपालटी करत होत्या. त्यांनी एकदम हाक मारली.

"आवं हवालदार, त्या गरिबाला सोडा. हिकडं या."

तीन

राहीबाईंनी पिशवीचं तोंड उजेडात धरलं. साहेबांनी टाके कात्रीनं मधोमध कापले होते. दोऱ्याचे तुकडे भोकांत तसेच अडकून होते.

"हा दोरा मी खळीत बुडवून वल्लाच शिवलाय. वाळला की तारंवानी ताठ हुतो. आता ह्यो टाका वढा बघू."

मी ओढला. कट्‌ असा आवाज झाला आणि पांढरा भुगा माझ्या बोटावर पडला.

"बगितलंसा? एकदा उसवला की खळ सुटती. परत त्योच दोरा घातला तर ढिला ऱ्हातुया, नवा घातला तर भोकं मोठी हुत्यात. हितं चोवीस टाकं हायती, चोवीसच्या चोवीस ताठ. माझ्या हाताचं. शिवल्यापास्नं ह्या पिशवीत साहेबांच्या कात्रीशिवाय कायबी गेलं न्हाई."

"मग तुमी शिवताना आत काय होतं?"

"घडी घालून, कागदात गुंडाळून तुमच्या भावानं पिशवीत घालून आणलं हुतं. मी तोंड शिवलं. आत डोकावाय मला कोण सांगितलं?"

पिशवी उघडलीच नव्हती, म्हणजे कुणी काही बदललं नव्हतं. ते मऊ घोंगडं पहिल्या दिवसापासून आत होतं, आणि ते आमच्याच गावातून गेलं होतं.

दादासोला मी हात जोडले. तो शर्टाच्या बाहीनं डोळे पुसत वही कपाटात ठेवायला गेला. साहेबांना विचारून मी त्या घोंगड्याच्या दशीचे पाच-सहा धागे काढून घेतले. मला वाटत होतं, हा गिरणीचा माल. गिरणीची घोंगडी आमच्या भागात एकच माणूस विकतो, सांगलीचा अजितकुमार. आमचं नाव बाद झालं तर सगळ्यात जास्त फायदा त्याचाच होता. लालाचा आणि त्याचा काही व्यवहार झाला का, हा विचार डोक्यात आला आणि मी तो झटकून टाकला. भाऊ आहे माझा. कुणीतरी त्याच्या हातात खोटी घडी दिली असेल, एवढंच.

चार

शुक्रवारी दुपारी सांगलीत पोचलो. अजितकुमार पेठेतल्या दुकानात गादीवर बसला होता. लोकरीचा आणि घोंगड्यांचा पिढीजात व्यापार, कपाळाला गंध, अंगात पांढरा सदरा. मी नमस्कारही न करता धागे त्याच्यासमोर टाकले.

"हा माल तुमचाच ना?"

माझ्या आवाजाकडं त्यानं लक्ष दिलं नाही. एक धागा त्यानं काडी लावून जाळला, वास घेतला. दुसरा पाण्यात भिजवून दोन बोटांत चोळला आणि बोटं माझ्यापुढं धरली. चिकट झाली होती.

"वास घ्या."

"चिंचोके," मी म्हणालो.

"मग? गिरणीत चिंचोके कोण उकडत बसतंय? हे मागावरचं घोंगडं आहे, हवालदार, तुमच्याच मुलखातलं. आणि लोकर कसली आहे, माहीत आहे? जावळ. कोकराची पहिली कातरण. एका कोकराची आयुष्यात एकदाच निघते, ती ओंजळभर. हे घोंगडं देवाला वाहतात, नाही तर लग्नात व्याह्याला देतात. माझे वडील सांगायचे, तुमच्या बाजूला ते विणणारा एकच राहिलाय. नाथाजी म्हणून."

मी गादीवर बसलो. आम्ही शेतकरी घरातले. आमच्या घरात जावळाचं घोंगडं कधी आलंच नव्हतं, मला ते ओळखू कसं येणार?

"ह्याच्या तोडीची बाराशे करायला सगळ्या महाराष्ट्राची कोकरं पुरणार नाहीत," अजितकुमार म्हणाला. "ज्यानं हा नमुना दिला, त्याला एक तर नमुना म्हणजे काय हेच कळत नाही, नाही तर फार चांगलं कळतं."

त्यानं चहा मागवला. मी कप तोंडाला लावला तेवढ्यात त्यानं सहज विचारलं, "तुमच्या बंधूंचं दुकान कधी सुरू होतंय?"

"कुठलं दुकान?"

"अहो, समोरचंच. मार्चमध्ये जागा घेतली त्यांनी. गिरणीवाल्यांनी माझी एजन्सी काढून त्यांना दिली ना! मला वाटलं, तुम्ही त्यासंबंधीच बोलायला आलात."

रस्त्यापलीकडं बंद फळ्यांवर नवी पाटी लावली होती. तिच्यावर माझ्या भावाचं पूर्ण नाव होतं, मधे वडिलांचं नाव घालून.

पाच

शनिवारी सकाळी नाथाजी तात्यांच्या खोपटात गेलो. बायको वारल्यापासून म्हातारा बिरोबाच्या देवळामागं एकटाच राहतो, एकटाच सूत काततो. तात्या मागाच्या खड्ड्यात पाय सोडून विणत बसले होते. मला बघूनही हात थांबला नाही.

"तात्या, ते जावळाचं घोंगडं तुमचं. का दिलं?"

धोटा थांबला. "तुमी मला इचारताय, हवालदार?"

"मग कुणाला विचारू?"

"आता कोन न्हाई हितं. ही सोंगं साताऱ्यात साहेबाम्होरं करायची." म्हाताऱ्यानं धोटा बाजूला ठेवला. "तीन वर्सं कोकरांची लोकर साठवली हुती. दुष्काळात खायाला न्हवतं, तरी इकली न्हाई. बिरोबाला घालायचं हुतं ते. तुमी निरोप धाडला, तवा द्येवाचं काडून सरकारला दिलं. आन्‌ आता मलाच इचारताय का दिलं?"

"मी? मी कसला निरोप धाडला?"

"लालासायेब आलं हुतं. म्हनलं, दादानं दवाखान्यातनं सांगितलंय, सरकार म्हंजी आपला पावना, पयलं घोंगडं उजवंच द्यावं. गावात बोलू नका, बाकीच्यांस्नी वाईट वाटंल. मी म्हनलं, व्हय, पावन्याला चांगलंच द्येत्यात. मला काय म्हाईत, समद्यांचा माल त्याच्यासंगं लावून बगत्यात? त्ये परवा साताऱ्यात कळलं."

मी खड्ड्याच्या काठावर बसलो.

फौजेत पहिल्या दिवशी शिकवतात, नमुना म्हणजे भेट नव्हे. पुढं शंभर वेळा जसा माल देता येईल तसाच नमुना द्यायचा. हे मला माहीत होतं आणि माझ्याकडून लालाला. तात्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं. दाराशी आलेल्याला घरातलं उत्तम द्यायचं, एवढंच त्यांना ठाऊक. त्यांच्या चांगुलपणाला धरूनच आमच्या गळ्याला दोरी लावली होती, आणि ती लावताना नाव माझं घेतलं होतं.

बुधवारची गोष्टही तेव्हाच आठवली. मी ओट्यावर एवढंच म्हणालो होतो, की नमुना बदललाय. मऊ आहे की खरबरीत, शब्दानं बोललो नव्हतो. लाला म्हणाला होता, एवढं मऊ घोंगडं आपल्यात विणतंय कोण. आणि मी त्याच्या हातची मिरची खाल्ली.

"तात्या, निरोप माझा नव्हता. बिरोबाची आण."

म्हाताऱ्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं. मग डोळ्यांना धोतराचा सोगा लावला.

"चार दिस मी तुमास्नी चोर समजत हुतो, हवालदार."

"मग साहेबांसमोर बोलला का नाही?"

"कसं बोलू? समदी तुमच्या शबदावर मागावर बसल्यात. तुमी चोर निगाला आसता, तर परत कुनाच्या शबदावर बसली आसती?"

सहा

लाला घरी आरशासमोर भांग पाडत होता. आई शेतावर गेली होती, ते बरं झालं.

"सांगलीची पाटी बघून आलो," मी म्हणालो.

फणी थांबली. त्यानं नाकारलं नाही, हे एक मानायला पाहिजे. वळला आणि शांतपणे म्हणाला, "बसा, दादा."

"तूच बोल, उभ्या उभ्या."

"काय चूक केलं मी? घोंगडं आपल्याच विणकराचं, मोहर आपली, खोटं काय हाय त्यात? आवं, खड्ड्यात पाय घालून अजून किती वर्सं विणायचं ह्यांनी? सरकार एक साल घेईल, दोन साल घेईल. गिरणीत बी आपल्याच देशातली माणसं कामाला हायत."

"मग उजळ माथ्यानं गिरणीची एजन्सी घ्यायची होती. तात्यांच्या दारात माझं नाव का घेतलंस?"

"माझ्या नावावर त्यांनी दिलं नसतं," लाला म्हणाला.

इतकं सरळ उत्तर दिलं त्यानं. मी हात उगारला. पण तो मागं सरला नाही, लहानपणी सरायचा नाही तसाच, आणि माझा हात खाली आला.

"दादा, सोमवारी तात्यांचं नाव सांगा की. म्हातारा माणूस, चुकून दिलं म्हणा. साहेब सोडून देतील. माझं नाव कागदावर आलं तर एजन्सी जाईल. मी तुमचा भाऊ हाय."

"तेच तर," मी म्हणालो आणि बाहेर पडलो.

सोमवारी अकराला साहेबांच्या टेबलासमोर मी, तात्या आणि राहीबाई उभे होतो. मी खरेदीच्या हुकमातली ओळ वाचून दाखवली. 'लोकर मोठ्या मेंढीची, जाड.' म्हणजे आमचा माल हुकमाप्रमाणे होता, हुकमाबाहेर होता तो नमुना. राहीबाईंनी टाके दाखवले. तात्यांनी लोकर हातात घेऊन फरक सांगितला. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं.

"घोंगडं यांनी विणलं, हे पटलं," ते म्हणाले. "पण नमुना म्हणून जावळाचं द्या, असं यांना सांगितलं कोणी? ते लिहिल्याशिवाय मला नमुना रद्द करता येणार नाही."

तात्यांनी माझ्याकडं बघितलं. मग खाकरून म्हणाले, "साहेब, मीच... म्हाताऱ्याची अक्कल..."

"थांबा, तात्या," मी म्हणालो. "लिहा, साहेब. सोसायटीचा सेक्रेटरी लालासाहेब. माझा सख्खा भाऊ. जाणूनबुजून सांगितलं, माझं नाव घेऊन सांगितलं."

साहेबांनी पेन उचलला आणि एकदा माझ्याकडं बघितलं. "सही कराल?"

केली. वीस वर्षांत हजार सह्या केल्या असतील, सख्ख्या भावाविरुद्ध ही पहिली.

माल पास झाला. बाराशे घोंगडी वसतिगृहांत गेली आणि सोसायटीचं नाव यादीत राहिलं. लाला त्याच आठवड्यात सांगलीला गेला. त्याची एजन्सी गेली की राहिली, मी चौकशी केली नाही. आईला एवढंच सांगितलं, की त्याला तिकडं काम मिळालंय.

पुढच्या साली नव्या नमुन्याची वेळ आली तेव्हा शेडात सभा भरली. राहीबाई उठल्या आणि म्हणाल्या, "औंदा नमुना घिऊन चौघांनी जायाचं. एकल्या-दुकल्याच्या शबदावर न्हाई." बोलताना त्या माझ्याकडं बघत नव्हत्या. बाकीचेही खाली बघत होते. सगळ्यात आधी हात मी वर केला. त्यांचं बरोबर होतं.

जावळाचं घोंगडं कचेरीनं परत दिलं. मी ते तात्यांकडं नेलं, तर त्यांनी हातात घेतलं नाही. "खोट्या कामाला वापारल्यालं द्येवाला चालत न्हाई. तुमच्या नावावर दिलं हुतं, तुमीच ठिवा," म्हणाले.

ते माझ्या ट्रंकेत आहे. थंडी पडली की आई म्हणते, "काढ की ते, लय उबदार हाय." मी मिलिटरीचं जुनं ब्लँकेट ओढून घेतो. गेल्या पौषात ती म्हणाली, "तुला नगं तर लालाला तरी धाड. त्याच्यापाशी कायबी न्हाई पांघराय."

मी ट्रंकेला कुलूप लावलं. आई विचारत राहिली, असं काय रं करतुयास, भाऊ न्हवं का तुझा.